ऑटिस्टिक व्हॅम्पायर, ट्रॉम्सोचा काळोख आणि दगडफूल : आराखड्यातली भोकं दाखवा

शेवाळराव (धागाकर्ता)

एका दीर्घकथेचा आराखडा टाकतोय. व्हॅम्पायर आहे, प्रेम आहे, पण मंत्रतंत्र नाही. जे घडेल ते शरीरशास्त्राच्या हिशेबात बसलं पाहिजे. मसुदा ३५ हजार शब्दांच्या आसपास जाईल.

नायक मिलोश, जन्म १७०९, सर्बियातलं मेद्वेद्जा गाव. १७३१-३२च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियन लष्कराच्या वैद्यांनी व्हॅम्पायरच्या संशयावरून इथलीच थडगी उघडून प्रेतं तपासली होती. योहान फ्ल्यूकिंगर यांचा जानेवारी १७३२चा अहवाल युरोपभर गाजला. मिलोश त्या भानगडीतून निसटलेला. आता मुक्काम उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोला, कारण तिथे साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही. तो ऑटिस्टिक आहे. नायिका इंग्रिड हिमनद्यांची अभ्यासक, तिला एडीएचडी आहे (लक्ष आणि वेळ सांभाळणं अवघड जाणारी मेंदूची घडण).

मिलोशला वेड दगडफुलाचं. गोड्या मसाल्यातलं नव्हे, खडकावर पिवळ्या-हिरव्या नकाशासारखं पसरणारं रायझोकार्पन. १८६०पासून तो तेच ठरावीक खडक मोजतोय. हिमनदी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या दगडांचं वय या दगडफुलाच्या आकारावरून काढतात, म्हणून इंग्रिडला त्याच्या वह्या म्हणजे घबाड.

अडलेल्या गोष्टी: उजेडाने त्याला नेमकं काय होतं, रक्त किती लागतं, आणि ऑटिझम व व्हॅम्पायरपण एकमेकांत गुंतवायचं का?

ट्यूबलाइट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: गुंतवू नका. या प्रकारच्या कथा इथेच घसरतात. नायक थंड, नजर चुकवणारा, माणसांत न रमणारा, आणि का म्हणून विचारलं तर "व्हॅम्पायर आहे ना तो". मग त्याच्या मेंदूला स्वतःचं अस्तित्वच उरत नाही.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे जे १७३२च्या आधीही त्याच्यात होतं, उजवीकडे जे नंतर आलं. प्रत्येक सवय आणि प्रत्येक त्रास कुठल्या तरी एका रकान्यात पडेपर्यंत तो प्रसंग लिहायला घेऊ नका. क्वचित एखादी गोष्ट दोन्हींत पडेल, तिथे खरी मजा आहे.

माझ्या आयडीला जागून उदाहरण देतो. विद्यापीठाच्या तळघरात जुनी ट्यूबलाइट आहे आणि मिलोशला तिथे बसवत नाही. साध्या चोकवरची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. बहुतेकांना ते जाणवत नाही, काही ऑटिस्टिक लोकांना जाणवतं आणि डोकं उठतं. हा डावा रकाना. त्याच ट्यूबमधला पारा ४०५ नॅनोमीटरच्या आसपास जांभळा प्रकाशही फेकतो. तुमच्या व्हॅम्पायरच्या कातडीत प्रोटोपॉर्फिरिनसारखं रंगद्रव्य साठतं असं धरलंत, तर ते नेमकं ४०० ते ४१० नॅनोमीटरला उजेड शोषतं, त्यातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि काही मिनिटांत आग व्हायला लागते. हा उजवा रकाना.

आता इंग्रिड इलेक्ट्रॉनिक चोक बसवते. लुकलुक गेली, डोकं शांत झालं, पण हात अजून भाजतायत. मग ट्यूबला पिवळी फिल्म गुंडाळली की आग थांबते. वाचकाला दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुणी न सांगता कळतं. एलईडी लावून एका फटक्यात दोन्ही सोडवाल तर प्रसंग वाया गेला. तसा स्वस्त ड्रायव्हरचा एलईडीही लुकलुकतोच. युरोपात २०२३पासून नव्या ट्यूब बाजारात आणणं बंद झालंय, तेव्हा तळघरात जुना साठा दाखवा.

निव्वळ अतिनील किरणांवर भिस्त ठेवू नका. त्यातली भाजणारी यूव्हीबी साध्या काचेत बरीचशी अडते, मग नायक खिडकीशी बसून कॉफी पिणार. ४०५वाला उजेड काचेतून आरपार येतो.

खडूस_वाचक

म्हणजे पॉर्फिरियाच की, तो अंगात असली रंगद्रव्यं साठण्याचा आजार. पुन्हा तेच?

ट्यूबलाइट

भौतिकशास्त्र घ्या, आजाराचं नाव घेऊ नका. १९८५मध्ये डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने व्हॅम्पायरच्या दंतकथांमागे पॉर्फिरिया असेल असं मांडलं. ते टिकणारं नव्हतं. रक्त पिऊन त्या रुग्णांची उणीव भरून निघत नाही, आणि लोककथेतलं पिशाच उन्हाने मरत नसे. उन्हाने मरणं रूढ केलं १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाने. १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. फुकटचा मनस्ताप मात्र खऱ्या रुग्णांना झाला.

रात्रपाळी

रक्ताचा हिशेब.

एक लिटर रक्तात पाणीच ऐंशी टक्क्यांच्या आसपास. प्रथिनं १९०-२०० ग्रॅम, चरबी आणि साखर नावाला. म्हणजे लिटरमागे साधारण ७५० ते ८०० कॅलरी. नुसतं पडून राहणाऱ्या प्रौढ पुरुषाला १६०० लागतात, तर रोज दोन लिटर आले. त्यातून रोज एक ग्रॅम लोह पोटात जाणार (एका मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम). आपलं शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम शोषतं आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. शिवाय ४०० ग्रॅम प्रथिनांचा सुमारे १३० ग्रॅम युरिया होतो, तो धुऊन काढायला पाणी हवंच. रक्तपिपासू वटवाघूळ पिता पितानाच, काही मिनिटांत लघवी सुरू करतं, ते याचसाठी. कुठल्याही प्रेमकथेत हे दिसत नाही. एक वाक्य तरी टाका.

लोहासाठी वटवाघळाकडूनच उसनं घ्या. त्यांच्या जनुकांच्या २०२२च्या अभ्यासात काही जनुकं निकामी झालेली सापडली. त्यांतल्या एकामुळे आतड्याच्या पेशी लोह धरून ठेवतात आणि गळून पडताना सोबत नेतात, असा अंदाज आहे. मिलोशला हे चालून जाईल.

कॅलरीसाठी अस्वल. अलास्कातल्या काळ्या अस्वलांवर २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हिवाळी झोपेत चयापचय पाव भागावर आलेला दिसला, अंगाचं तापमान मात्र फक्त पाच-सहा अंशांनीच उतरलं. त्या दराने मिलोशचं दिवसाला ४०० कॅलरींवर भागतं, म्हणजे अर्धा लिटर, म्हणजे रोज एक बॅग. पण हे स्वस्थ पडून असताना. इंग्रिडबरोबर डोंगर चढायला लागला की तिप्पट.

रोज एक बॅग चोरता येणार नाही. प्रत्येक बॅगेला बारकोड असतो आणि ती कुणाला चढवली की टाकून दिली, याची नोंद होतेच. आठवड्यात बोंब होईल.

खडूस_वाचक

माणसाचंच का पण? नॉर्वेत रक्ताचे गोळे आणि पॅनकेक पूर्वापार खातात. कत्तलखान्यात बादलीने मिळेल. हे भोक बुजवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवाळराव

हे भोक माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रात्रपाळी, काही मार्ग?

रात्रपाळी

आहे, आणि तो मुळापेक्षा बरा आहे. कॅलरी जनावराच्या रक्तातून. माणसाच्या रक्तातून फक्त एखादं प्रथिन, जे त्याचं शरीर बनवू शकत नाही आणि जे प्राण्यांत थोड्या वेगळ्या घडणीचं असतं. आठवड्याला ५० मिली पुरे धरा.

ते आणायचं हीमोक्रोमॅटोसिसच्या रुग्णांकडून. या लोकांच्या अंगात लोह साठत जातं, आनुवंशिक आहे, उत्तर युरोपीय वंशात बऱ्यापैकी आढळतं. उपचार म्हणजे रक्त काढणं: सुरुवातीला दर आठवड्याला ४५० ते ५०० मिली, पातळी खाली आली की दोन-चार महिन्यांतून एकदा. एका वेळेला २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. काही ठिकाणी हे रक्त दानात धरतात, काही ठिकाणी फेकून देतात. फेकून देणारा दवाखाना काल्पनिक ठेवा आणि तिथे मिलोशला रात्रीची कचरा-विल्हेवाटीची नोकरी द्या. चोरी मोठी नाही, बळी कुणी नाही.

आता यातले व्यावहारिक खिळे. ४५० मिलीच्या बॅगेत सीपीडीए-१ हे न गोठू देणारं द्रावण ६३ मिली असतं, त्यात सायट्रेट आणि ग्लुकोज. साठवण २ ते ६ अंशांत, मुदत ३५ दिवस. आठवड्याला ५० मिलीने बॅग नऊ-दहा आठवडे पुरली असती, पण पाचव्या आठवड्यात मुदत संपते, म्हणजे अर्धी वाया. पेशींतून पोटॅशियम झिरपत जातं, आंबटपणा वाढतो. मिलोश एका घोटात बॅग कितव्या दिवसाची ते सांगेल. गोठवून ठेवावी तर ग्लिसरॉल घातल्याशिवाय पेशी फुटतात आणि वितळल्यावर गर्द, पारदर्शक, लाखेसारखं पाणी उरतं. पोषणाला काही बिघडत नाही. पण त्याला तो पोत घशाखाली उतरत नाही. हा डाव्या रकान्याचा मामला, उजव्याचा नव्हे!

मानेचा चावा म्हणाल तर अन्न म्हणून तो बाद. वटवाघूळ ओढत नाही, लहानशी जखम करून चाटतं. लाळेतलं ड्रॅक्युलिन गोठण्याच्या साखळीतले नववे आणि दहावे घटक अडवतं, म्हणून रक्त वाहत राहतं. इंग्रिडच्या अंगात साठ्याचं लोह ३०० मिलिग्रॅम धरा. दर आठवड्याला ५० मिली म्हणजे २५ मिलिग्रॅम, तेवढं जेवणातून भरून निघत नाही. तीनेक महिन्यांत साठा तळाला, मग धाप आणि केसगळती. चावा असलाच तर वर्षातून एखाद-दोनदा, चमचाभर, आणि नंतर दाबून धरायला कापूस जवळ ठेवून.

चकवाचांदण

रात्रपाळींचा हिशेब प्रेमकथेच्या फार कामाचा आहे. ती त्याचं अन्न नाही हे आकड्यांनीच ठरलं. "तिच्या रक्ताचा वास, मी स्वतःला आवरतोय" हे जुनं गुऱ्हाळ आपोआप बंद.

गोंधळलेली_घार

डाव्या रकान्याबद्दल, विस्ताराने.

मोजण्याची सवय. लोककथेत थडग्यात खसखस किंवा बाजरी टाकत, पिशाच दाणे मोजत बसे आणि उजाडे. हे उचलून "बघा, ऑटिस्टिकच" म्हणायचा मोह होईल. दाणे मोजल्याशिवाय पुढे जाता न येणं ही सक्ती आहे, ती ओसीडीच्या जवळची आणि भीतीवर चालणारी. मिलोशचं दगडफूल मोजणं हे आवडीचं, त्यात तो निवांत होतो. २००५मध्ये मरे, लेसर आणि लॉसन यांनी मांडलेला मोनोट्रोपिझम वाचा: लक्ष एकाच वाटेने खोल जातं आणि तिथून उपटून काढलं की त्रास होतो. म्हणून इंग्रिडने गंमत म्हणून दाणे सांडले तर ती गंमत नाही, छळ आहे. असा प्रसंग असेल तर काढा.

भूक. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना शरीराच्या आतले इशारे उशिरा कळतात किंवा कळूनही ओळखू येत नाहीत. हा तुमच्या कथेतला सगळ्यात धोकादायक भाग आहे आणि आराखड्यात त्याचा पत्ताच नाही. वटवाघूळ दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की मरतं. मिलोशला "भूक लागली" असं वाटतच नाही. त्याला दिसतं ते असं: कॅलिपरचा (मोजायच्या चिमट्याचा) स्क्रू बोटांना सापडत नाही, फ्रिजची घरघर असह्य होते, वाक्याच्या मध्यावर शब्द हरवतो. म्हणून तो गजरावर जेवतो. गजर चुकला की पुढचं प्रकरण तयार. खलनायक लागतच नाही.

स्पर्श. हलकं गोंजारणं अनेकांना चटक्यासारखं लागतं, घट्ट दाब बरा वाटतो. पाठीमागून येऊन खांद्यावर हात नको, आधी सांगून समोरून. हात गार असणं उजव्या रकान्यात, आणि ते इंग्रिडला सहन होतं की नाही हेही विचारा. तिलाही कातडी आहे.

शटडाउन. बोलणं बंद पडतं, कधी तासभर, कधी दिवसभर. हा मर्दानी अबोला नाही, शिक्षाही नाही. त्या वेळी प्रश्नांची सरबत्ती केली की लांबतं. दिवे कमी, आवाज कमी, कागद-पेन्सिल हाताशी, एवढंच. "तिने मिठी मारली आणि तो बोलू लागला" असं लिहिलंत तर धागा वर काढून शिव्या घालीन.

आणि गैरसमज एकतर्फी ठेवू नका. डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये मांडलेला मुद्दा हा की, न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२०मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या साखळ्या करून पाहिल्या. सगळे ऑटिस्टिक किंवा सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत निरोप सारखाच नीट पोचला, मिश्र साखळीत जास्त गळला. इंग्रिडचा एडीएचडी म्हणजे "ती त्याला आपोआप समजते" असा परवाना नाही. ती "बघू" म्हणते, तो तारीख विचारतो. ती चाळीस मिनिटं उशिरा येते, तो चाळीस मिनिटं दारात उभा. दोघंही प्रामाणिक, दोघंही वैतागलेले.

उत्तरायण

भूगोलात मोठं भोक आहे. ध्रुवीय रात्र म्हणजे चोवीस तास काळोख नव्हे. ट्रॉम्सो ६९.६ अंशांवर. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजाच्या तीनच अंश खाली असतो, म्हणजे काही तास चक्क निळसर संधिप्रकाश. त्यात मिलोशला धोका नगण्य, पण "डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना" लिहू नका. डोंगरांमुळे शहरात सूर्य दिसायला आणखी उशीर होतो, सूर्यदिन २१ जानेवारीला साजरा करतात, गोड बन खातात.

त्याहून मोठी गडबड: त्या काळात दगडफूल बर्फाखाली असतं! मोजणार काय? आणि खडक उघडे पडतात तेव्हा मध्यरात्रीचा सूर्य, २० मे ते २२ जुलै. मोजणीची एकच खिडकी उरते, सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध. तेव्हा रात्र खरी काळी असते आणि बर्फ टिकायला लागलेला नसतो.

सगळ्यात घातक महिना जून नाही, एप्रिल. १९९७मध्ये २९ एप्रिलला ट्रॉम्सोत २४० सेंटिमीटर बर्फ नोंदवलं गेलं. त्या तारखेला दुपारी सूर्य ३५ अंशांच्या आसपास असतो आणि ताजं बर्फ बहुतेक उजेड परत फेकतं. टोपी निरुपयोगी, प्रकाश खालून येतो. कथेतला अपघात इथे घडवा.

मोजण्याची रीत: एकमेकांत मिसळलेली दगडफुलं सोडायची, एका खडकावरच्या सर्वांत मोठ्या पाचांचा लांब अक्ष घ्यायचा. कडेला काळी किनार असते. ती धरायची की नाही हे एकदा ठरवलं की दीडशे वर्षं बदलायचं नाही. मिलोश इथे शोभतो. वाढ वर्षाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी, कोवळेपणी जास्त, मग मंदावते. बर्फ फार दिवस साचून राहिलं तर मरतंही. १८६०पासूनच्या सलग वहीत काही दगडफुलं मेलेली हवीतच, सगळीच जगली तर वही खोटी वाटेल.

खडूस_वाचक

प्रेमकथेची बाजू कुणी बघतंय का? साधारण तीन-चतुर्थांशावर ताटातूट लागते. "तो व्हॅम्पायर आहे हे तिला कळलं" हे कारण चालणार नाही, वाचकाला पहिल्या पानापासून माहीत आहे. कारण वह्यांतून काढा. इंग्रिडला निष्कर्ष छापायचे आहेत. १६० वर्षं मोजणारा कोण? ती "एकाच घराण्याच्या पाच पिढ्या" असं दडपून लिहिते. तो खोटं बोलू शकत नाही, म्हणून भडकतो.

गोंधळलेली_घार

ऑटिस्टिक माणूस खोटं बोलू शकतो. तीनशे वर्षं लपून राहिलेला तर नक्कीच. कारण बदला: तिने त्याच्या मोजणीला खोटा मोजणारा चिकटवला, तोही न विचारता.

उत्तरायण

शिवाय पाच पिढ्यांचं हस्ताक्षर एकच कसं? पहिलाच परीक्षक पकडेल. उलगडा असा करता येईल: वह्या छापायच्याच नाहीत. तिने वर्ष ठाऊक असलेले पृष्ठभाग शोधायचे, म्हणजे कबरींचे दगड, जुने पूल, खाणीची टाकाऊ दगडी. त्यांवरचं दगडफूल मोजून स्वतंत्र आलेख काढायचा, या शास्त्रात तशीच रीत आहे. कुठे बघायचं ते मिलोश सांगतो. निबंध तिचा, आलेख दोघांचे जुळतात, आणि ते जुळलेत हे दोघांनाच ठाऊक.

चकवाचांदण

हे भारी आहे. निदानाचं काय? १७०९च्या माणसाला कळणार कधी?

गोंधळलेली_घार

सुखारेव्हांनी १९२५मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, कॅनर १९४३, अ‍ॅस्परगर १९४४. प्रौढांची रीतसर तपासणी फारच अलीकडची. त्यातही निदानासाठीची एडीआय-आर ही मुलाखत आईवडिलांची किंवा सांभाळणाऱ्याची घेतात, पहिल्या पाच वर्षांबद्दल विचारतात. त्याची आई जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली. हा प्रसंग हसू आणणारा करा आणि कागदावर निदान मिळू देऊ नका. त्याचं त्याला कळलं, तेवढं बस.

खडूस_वाचक

नायिका मराठी का नाही, असं कुणी विचारायच्या आत: गरज नाही. फक्त नॉर्वेत सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात, तेव्हा संवादात पहिल्यापासून "तू" ठेवा. "तुम्ही"वरून "तू"वर येण्याचा आपला हुकमी प्रणयप्रसंग तुम्हाला मिळणार नाही, दुसरं काहीतरी शोधा.

शेवाळराव

सगळ्यांचे आभार. बदल असे: अपघात एप्रिलच्या शेवटी, मोजणी सप्टेंबरात, दवाखान्यातली नोकरी, गजर, वह्या अप्रकाशित. ट्यूबलाइटचा प्रसंग दुसऱ्या प्रकरणात. "तू"च्या जागी गजर वापरतो: आधी तो एकट्याच्या फोनवर, नंतर तिच्याही. एक शंका उरली, १८६०मध्ये त्याच्या हातात कॅलिपर कुठला?

उत्तरायण

पितळी व्हर्निअर. तेव्हा मिळत होता, एक दशांश मिलिमीटरपर्यंत वाचता येतो. पण हत्यार मध्येच बदललं तर जुन्या-नव्याने त्याच खडकावर निदान एक हंगाम जोडीने मोजून फरक वहीत लिहिलेला दाखवा. आणि पितळ थंडीत उघड्या बोटांना चिकटतं, तेव्हा बोटं झाकणारे पातळ हातमोजे हवेत.